काचेतला निळा फोनो

लग्न होऊन जालन्यात आले आणि माझं गाणं बंद झालं. कोणी रागावलं नाही, कोणी मनाई केली नाही. गाण्याला जागाच उरली नाही, एवढंच. माझं माहेर घनसावंगीच्या बाजूला, गोदेच्या अलीकडे. तिथे पहाटे घरोघर जातं फिरायचं आणि जात्याशी बसलेली बाई हवं ते गायची. सासूला टोमणे मारावेत, भावाची वाट पाहावी, देवाशी कडाकडा भांडावं. ओसरीवरचे पुरुष ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. जात्यावरून उठलं की मात्र तोंड मिटायचं. बायकांच्या गाण्याची वेळ ती, आणि जागाही तीच. त्यात अन्याय आहे असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही, कारण माझी पहाट भरपूर मोठी होती.

जालन्याच्या मस्तगडातल्या सासरी जातं होतं, पण ते भिंतीला टेकवून ठेवलेलं. दळण चक्कीवर जायचं. गडी डबा डोक्यावर घेऊन जायचा आणि गरम पीठ घेऊन परत यायचा. शेजारणी म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई, हात वाचले." हात वाचले हे खरं. पण आता गायचं कुठे? पहिल्याच महिन्यात एकदा भाकरी थापता थापता माझ्या तोंडून ओळ निघून गेली. सासूबाई माजघरातून म्हणाल्या, "दारात कोण आलंय बघ गं, पसाभर जोंधळे घाल तिला." त्यांना वाटलं कुणी मागणारी आली आहे. मी जोंधळे घेऊन दारापर्यंत गेले, रिकाम्या गल्लीकडे बघितलं आणि परत आले. त्यानंतर मी काही गायले नाही.

म्हणून मला फोनो, म्हणजे चाबीवर चालणारा ग्रामोफोन, हवा होता. घरात सुनेनं गाऊ नये, ठीक आहे. पण यंत्रानं गायलं तर त्याला कोण काय म्हणणार? चक्कीनं माझं गाणं नेलं होतं, तेव्हा दुसऱ्या एखाद्या यंत्रानं ते आणून द्यावं, इतका सरळ हिशेब मी मनाशी केला होता. हौस म्हणून नव्हे, शेजारणींना दाखवायला म्हणून नव्हे. गाण्याशिवायच्या त्या घरात माझा जीव खरोखर गुदमरत होता.

फोनो मिळायचा तो एकाच दुकानात. बाजाराच्या तोंडाशी, जनावरांच्या हौदासमोर ते दुकान होतं. बॅटऱ्या, त्यांचे सेल, विजेचे दिवे, फोनो, तबकड्या आणि सगळ्यांत वर एक रेडिओ. दुकानदार वयस्क मुसलमान गृहस्थ होते, पांढरी दाढी, स्वच्छ शेरवानी, बोलणं इतकं अदबीचं की गिऱ्हाइकाला आपणच उद्धट आहोत असं वाटावं. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. त्यांच्या दुकानात एक काचेचं कपाट होतं आणि ते रस्त्याकडे तोंड करून, बरोबर टांग्यात बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर बसवलेलं होतं. ही त्यांची हुशारी होती. आमच्यासारख्या घरांत तेव्हा गोशा होता, बायकांनी पडद्यात राहायचं. बायका दुकानाची पायरी चढत नसत. टांग्याला पडदा लावून जायचं आणि पडद्याच्या फटीतून दिसेल ते बघायचं. मग घरी येऊन मालकांना, म्हणजे नवऱ्याला, सांगायचं, "मधल्या फळीवर, डावीकडं, हिरव्या काचेचा दिवा आहे तो." मालक दुकानात जाऊन तेच शब्द म्हणून दाखवायचे आणि वस्तू घेऊन यायचे. पुरुषांना दुकान म्हणजे आतली गादी, चहा, घासाघीस. आम्हाला दुकान म्हणजे ते कपाट. कपाटात नाही ते दुकानात नाही.

सासूबाई दर आठवड्याला लेकीला भेटायला कुंडलिका नदीपल्याड जायच्या आणि सोबतीला मला न्यायच्या. टांगा ठरलेला, घोडा पांढरा. हौदापाशी आला की टांगेवाला घोड्याला पाणी पाजायला उतरायचा. सासूबाईंना टांग्यात बसल्या बसल्या डुलकी लागायची. मी पडदा दोन बोटं सरकवायची. आणि चाचा, आमच्याकडे चुकूनही न बघता, उठून एखादी तबकडी लावायचे आणि फोनोचं तोंड रस्त्याकडे करायचे. बघायचे ते घोड्याकडे. एकदा टांगेवाल्याला म्हणाले, "मियाँ, तुमचा घोडा लई शौकीन दिसून राह्यला. गाणं संपल्याबिगर पाणी सोडत न्हाई." टांगेवाला हसला. मी पडद्याआड पदराचा बोळा तोंडात धरून हसले.

त्या कपाटात वरच्या फळीवर निळ्या कापडानं मढवलेला एक फोनो होता. झाकण उघडं, आत सुईची चकचकीत मूठ, बाजूला फिरवायची चाबी. त्याच्या शेजारी आणखी होते, काळे होते, एक कर्ण्याचाही होता. पण मला निळा हवा होता. का, ते विचारू नका. बाईला एखादं लुगडं आवडतं ते का आवडतं ते तिला तरी कुठे सांगता येतं? मी घरी आल्यावर मालकांना सांगितलं. मालक म्हणजे माझे यजमान, जिनिंगच्या कारखान्यात नोकरीला होते, स्वभावानं गमत्या आणि कुठल्याही गोष्टीची घाई नसलेले. म्हणाले, "घेऊ की. कापसाचा हंगाम होऊ दे. कुठं पळून चाललाय का तो?"

आणि खरंच, तेव्हा कपाट बघून असंच वाटायचं. एक गेलं की दुसरं त्याच जागी उभं. भरलेल्या कपाटाची हीच गंमत असते, ते माणसाला सुस्त करतं. एक हंगाम गेला, दुसरा गेला. दर आठवड्याला मी निळा फोनो बघून यायची आणि त्यावर माझं भागायचं.

मग लढाई आली. लढाई कुठे दूर होती, पण मुंबईहून येणारा माल थांबला. आधी कपाटातले सेल गेले. मग बॅटऱ्या कमी झाल्या. चाचांनी उरलेल्या बॅटऱ्या लांब लांब मांडल्या, म्हणजे फळी भरल्यासारखी दिसावी. मग रिकामी खोकी मांडली. काही दिवसांनी लोक खोक्यांचीच मागणी करायला लागले, तेव्हा तीही आत नेली.

गावानं तेव्हा जे काही केलं ते मी फटीतून आणि घरच्या गप्पांतून पुरेपूर बघितलं. ज्यांनी जन्मात बॅटरी हातात धरली नव्हती त्यांना एकाएकी बॅटरीशिवाय जगणं अशक्य झालं. एका सावकारानं सेल नसलेल्या दोन बॅटऱ्या नेल्या आणि उशाशी ठेवून झोपू लागला. काही जण छातीठोक सांगायचे की चाचांनी माल दडवलाय. काहींना खात्री होती की ते दुकान मोडून हैदराबादेला चाललेत. सगळ्यांत जोरात भांडला तो केदारखेड्याचा एक शेतकरी. तो दर बाजाराला येऊन पायरीवर बसायचा, रेडिओ ऐकायचा आणि काही न घेता उठायचा. मोठी बॅटरी मिळेना म्हणून चाचांनी रेडिओ खाली उतरवला, तर हा गडी पायरीवर उभा राहून ओरडतोय, "आमचा रेडिओ कुठं नेला? मी मागच्या बाजारी इथंच बघून गेल्तो! कुणाला इचारून काढला?" चाचा म्हणाले, "भाऊ, तुम्ही घेणार होते का?" तो म्हणाला, "घेणार न्हवतो, म्हून काय झालं? हितं तर पाहिजेल का न्हाई?" लोक हसले. मला मात्र त्याचं म्हणणं बिलकुल बराबर वाटलं. घेता येत नाही अशी वस्तू निदान दिसत तरी राहावी.

बायकांचं वेगळं होतं. आम्हाला भांडायला पायरी नव्हती. हळदीकुंकवाला बसलं की हळू आवाजात चौकशी व्हायची, आज वरच्या फळीवर काय होतं, मधल्या फळीवर काय राहिलं. माझ्या नणंदेनं हिरव्या काचेचा विजेचा दिवा मनात धरला होता. तिच्या घरी वीज नव्हती, येण्याची चिन्हंही नव्हती, पण दिवा ठरलेला होता. तो कपाटातून गेल्याचं मी तिला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे बसून रडली. सासूबाई म्हणाल्या, "काय मेलं माणूस गेल्यागत!" नणंद म्हणाली, "तुला न्हाई कळायचं आई." मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले, कारण मला कळत होतं.

गावातल्या भल्या माणसांनी त्या काळात एक रीत पाडून घेतली होती. कोणी ठरवली नव्हती, आपोआप पडली. कपाटात जे दिसत नाही ते चाचांना मागायचं नाही. मागितलं की त्यांना "न्हाई" म्हणावं लागतं, आणि आयुष्यभर गिऱ्हाइकाला कधी नाही न म्हटलेल्या माणसाची मान त्या एका शब्दानं खाली जाते. उर्मट लोक मागत राहिले, आरोप करत राहिले. भले लोक दुकानावरून जाताना कपाटाकडे एक नजर टाकायचे, आदाब करायचे आणि पुढे जायचे. आमचे मालक भल्यांपैकी होते, हे माझं नशीब म्हणावं की दुर्दैव, मला अजून ठरवता आलेलं नाही.

काळे फोनो गेले. कर्ण्याचा गेला. शेवटी त्या सबंध कपाटात एकटा निळा फोनो राहिला. पोलादी सुया मिळेनाशा झाल्या होत्या, तर चाचा बाभळीचा काटा तासून लावायचे. आवाज बारीक यायचा, पण गोड यायचा. मला तर तोच जास्त आवडायचा. दर आठवड्याला टांगा वळणावर आला की माझी बोटं पडद्याकडे जायची. आहे का? आहे. मग पाणी पिणाऱ्या घोड्याइतकीच मीही निवांत व्हायची.

आता मी मालकांच्या मागे लागले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हट्ट केला. ते म्हणाले, "अगं, तबकड्या न्हाईत, सुया न्हाईत, महागाई ही अशी. नुसतं खोकं आणून काय करू?" मी म्हटलं, "काट्यानं वाजतो." ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुला काय माहीत?"  माझ्या चेहऱ्यात त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण त्यांची थट्टा थांबली. म्हणाले, "बरं. एवढा महिना जाऊ दे. मंग आणतो. बराबर आणतो."

तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. फोनो कुठल्या कोनाड्यात ठेवायचा ते ठरवलं, कोनाडा सारवला, वर झाकायला जुन्या खणाचा रुमाल शिवला. सासूबाईंनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "असंच." मनात मात्र रोज तबकडी फिरत होती. इतकं वेड्यासारखं मी नंतर कशालाच पाहिजे म्हटलं नाही, पुढे मुलं झाली तरी नाही.

महिना संपायच्या आत एका आठवड्यात टांगा हौदापाशी थांबला. मी पडदा सरकवला. कपाट रिकामं होतं. काच पुसलेली, लख्ख, आणि आत तिन्ही फळ्या मोकळ्या. चाचा गादीवर बसून होते, त्यांनी घोड्याकडे बघितलं आणि थोडं हसले. मला त्या हसण्याचा इतका राग आला! माझं विकून टाकलं आणि हसताय, असं मला वाटलं.

रात्रीचं जेवण वाढताना मी मालकांना एवढंच सांगितलं, "गेला." ते ताटावर थांबले. "विचारू का जाऊन?" असं ते म्हणाले, मग स्वतःच मान हलवली. "दिसत न्हाई म्हंजे गेला. आता विचारून त्यांना कशाला खाली बघायला लावायचं?" मलाही ते पटलं. आम्ही दोघं भली माणसं होतो.

पुढच्या वेळी मी सासूबाईंना म्हटलं, नदीकाठच्या रस्त्याला सावली आहे, तिकडून जाऊ या. घोड्याला पाणी काय, नदीवरही पाजता येईल. त्या म्हणाल्या, जाऊ. तेव्हापासून टांगा दुकानावरून गेला नाही. ते मोकळं कपाट मला बघवलं नसतं. पण गंमत अशी की ते न बघताही दिसायचंच. पीठ मळताना दिसायचं, अंथरुणावर पडलं की दिसायचं. खणाचा रुमाल मी पेटीच्या तळाशी घातला. संध्याकाळी दिवेलागणीला घर इतकं गप्प व्हायचं की मला माहेरी पळून जावंसं वाटे.

लढाई संपली. मधे सासूबाई गेल्या. त्यांच्यामागे घरातला गोशा हळूहळू सैल झाला, आमच्या गल्लीतल्या बायका डोईवरून पदर घेऊन पायी बाजारात जायला लागल्या. एक दिवस मालक घरी येऊन म्हणाले, "चाचांचं कपाट पुन्हा भरलंय. चल, आज तूच आत येऊन पसंत कर. तुझ्या डोळ्यांनी बघून घे." इतक्या वर्षांनी ही गोष्ट त्यांच्या लक्षात होती, म्हणजे ती त्यांनाही टोचत होती. मी लुगडं बदललं आणि निघाले.

त्या दिवशी आम्ही घेतला तो रेडिओ पुढे कितीतरी वर्षं घरात वाजला. चांगला होता, खोटं कशाला बोलू? गावोगावची गाणी त्यातून यायची. तरी त्याच्यावर माझा जीव बसला नाही तो नाहीच, आणि त्याचं कारण घेण्याआधीच त्या दुकानात घडलं.

मी पहिल्यांदाच ती पायरी चढले. आत अत्तराचा आणि नव्या रोगणाचा वास होता. चाचा खूप थकलेले दिसले. त्यांनी मालकांना आदाब केला, माझ्याकडे अर्थातच बघितलं नाही. मी मालकांच्या मागे, नाकापर्यंत पदर ओढून उभी राहिले. कपाट गच्च भरलेलं होतं. नवे रेडिओ, नव्या बॅटऱ्या, दोन-तीन फोनोही. निळा नव्हता. नसणार हे मला माहीत होतं, तरी डोळे वरच्या फळीवर गेलेच.

मालक सहज बोलायला म्हणून हसून म्हणाले, "चाचा, मागं तुमच्याकडं एक निळा फोनो होता. आमच्या घरात तो लई पसंत पडला व्हता. आम्ही घेऊ घेऊ म्हणेस्तोवर कुणी तरी घेऊन गेलं."

चाचांच्या हातात फडकं होतं. ते तसंच राहिलं. "तुमच्या घरात?" ते म्हणाले. "पांढऱ्या घोड्याचा टांगा तुमच्याकडचा व्हता?"

"होय. का हो?"

चाचा गादीवर बसले.  मग खाली बघत म्हणाले, "साहेब, तो कुणी घेऊन गेला न्हवता. मीच काढून आत ठेवल्ता. काचेत जे मांडलं, ते गिऱ्हाइकाला ना म्हणता येत न्हाई. बडे लोक येऊन राह्यले, ह्योच पाहिजे म्हणून राह्यले. आज न्हाई तर उद्या कुणी तरी उचलला असता. त्या टांग्याचा पडदा त्याच फळीसमोर हलायचा, ते मला दिसत व्हतं. कुणाच्या घरचा टांगा, मी कधी विचारलं न्हाई. परद्यातल्या बाईची चौकशी करणं बरं दिसतं का? म्हटलं, काचेत दिसला न्हाई की घरचे मानूस विचारायला येतीलच. मंग आतून काढून देईन."

मालकांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "आम्ही विचारलंच न्हाई, चाचा," ते म्हणाले. "तुम्हाला न्हाई म्हणावं लागू नये म्हणून."

"मी लई दिवस ठेवला," चाचा म्हणाले. "रोज धूळ पुसायचो. कुणी आलं न्हाई. आणि मंग टांगाच यायचा बंद झाला." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मी लई वाट बघितली. मंग माझ्या मनात आलं, अल्ला माफ करे, की त्या बाई आता दुनियेत न्हाईत. ज्या दिवशी तसं वाटलं ना साहेब, त्या दिवशी मला तो फोनो दुकानात बघवंना. जो पहिला गिऱ्हाईक आला, त्याला देऊन टाकला."

 मला वाटत होतं की आता आपण मोठ्यानं रडणार. कपाटातून काढलेली ती वस्तू माझ्याचसाठी आत ठेवलेली होती, कोणी तरी रोज तिची धूळ पुसत होतं, आणि त्याच दिवसांत मी नदीकाठच्या रस्त्यानं जाऊन त्या माणसाला मनात शिव्या देत होते. एवढी माया माझ्या वाट्याला आली होती आणि मला तिचा पत्ता नव्हता.

चाचांनी डोळे पुसले आणि मान खाली घालूनच, रीतीप्रमाणे मालकांना विचारलं, "घरी सगळ्यांची तबियत... घरच्या बाई कशा हायेत?"

 मी मालकांच्या मागून पुढे आले. नाकापर्यंतचा पदर कपाळापर्यंत मागे सारला. परक्या पुरुषासमोर जन्मात पहिल्यांदा मी आपणहून तोंड उघडलं आणि म्हटलं, "चाचा, मी हाये."